अपंग आणि बधिर कलाकारांची डिजिटल व्यक्तिचित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोघांसाठी आहे: स्वतःचं व्यक्तिचित्र स्वतः करणाऱ्या कलाकारांसाठी, आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या छायाचित्रकार, संकलक, आयोजकांसाठी. सगळं एका दमात वाचायची गरज नाही.

डिजिटल व्यक्तिचित्र म्हणजे नेमकं काय? चांगला फोटो काढून ऑनलाइन टाकला की झालं का?

फोटो हा त्यातला एक प्रकार. टॅबलेटवर काढलेलं चित्र, दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, एक स्थिर फोटो आणि त्याखाली कलाकाराच्या आवाजातलं निवेदन, सांकेतिक भाषेतली छोटी चित्रफीत, हे सगळं यात येतं. चेहरा दिसलाच पाहिजे असंही नाही. सांकेतिक भाषेत बोलणारे हात किंवा मूठ झिजलेली कुबडी यांतूनही माणूस ओळखू येतो. काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे चित्रातल्या माणसाने ठरवलेलं असणं, ही मात्र किमान अट.

रीवा लेहरर या अमेरिकी चित्रकार स्वतः अपंग आहेत. त्यांच्या ‘रिस्क पिक्चर्स’ या मालिकेत त्या समोर बसलेल्या माणसाचं चित्र काढता काढता मधेच निघून जातात आणि मागे राहिलेल्या माणसाने अर्धवट चित्रात स्वतः काहीतरी बदल करायचा असतो. डिजिटल चित्रात हे फारच सोपं आहे. फाइलमध्ये एक रिकामा लेअर (चित्राचा वेगळा थर) ठेवा, त्याला कलाकाराचं नाव द्या आणि फाइल त्याच्या हवाली करा. तो लेअर नंतर पुसायचा नाही, एवढं आधी ठरवून घ्या.

अपंग, दिव्यांग, विकलांग, बधिर, कर्णबधिर... कोणता शब्द वापरायचा?

कलाकार स्वतःला जे म्हणतो तो. विचारायला संकोच वाटत असेल तर प्रश्न असा ठेवा: “तुमची ओळख एका ओळीत कशी छापू?” ‘दिव्यांग’ हा शब्द कागदोपत्री रुळला आहे, पण त्यातलं ‘दिव्य’ अनेकांना नको असतं. ‘मूकबधिर’ मात्र टाळाच. सांकेतिक भाषा ही पूर्ण व्याकरण असलेली भाषा आहे, आणि ती बोलणारा माणूस मुका नसतो.

इंग्रजीत बधिर समाजाचा सभासद असणं आणि नुसतं कमी ऐकू येणं यांतला फरक ‘डेफ’ या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं-लहान लिहून दाखवतात. देवनागरीत ती सोय नाही. म्हणून फरक शब्दांनीच सांगावा: ‘सांकेतिक भाषा बोलणारी बधिर चित्रकार’, ‘श्रवणयंत्र वापरणारा शिल्पकार’, ‘चाळिशीनंतर ऐकू येणं थांबलेली छायाचित्रकार’. ओळ लांबते, पण नेमकी होते. आणि ‘व्हीलचेअरला खिळलेले’ असं लिहू नका. माणूस व्हीलचेअरमुळेच तर हिंडतो-फिरतो.

परिचयात ‘प्रेरणादायी’ लिहिलं तर काय बिघडलं?

ऑस्ट्रेलियन लेखिका आणि विनोदकार स्टेला यंग यांनी २०१२ मध्ये या प्रकाराला ‘इन्स्पिरेशन पॉर्न’ असं बोचरं नाव दिलं: अपंग माणसाचं साधं जगणं इतरांना उमेद यावी म्हणून वापरणं. परिचय तपासायची सोपी रीत आहे. अपंगत्वाचा उल्लेख असलेली वाक्यं बोटाने झाका आणि उरलेलं वाचा. माध्यम, विषय, कामाची पद्धत यांपैकी काहीच उरत नसेल तर तो कलाकाराचा परिचय नव्हे. पहिलं वाक्य कामाविषयी ठेवा. अपंगत्व कामात जिथे येतं तिथे ते आपोआप येईल. ‘मात करून’ हा शब्दप्रयोग तर बहुतेक वेळा चुकीचाच असतो, कारण अपंगत्व गेलेलं नसतं.

चित्रीकरणाच्या आधी काय काय विचारून ठेवावं?

अनेक अपंग कलाकारांकडे ‘ॲक्सेस रायडर’ असतो. एक-दोन पानांत त्यांच्या गरजा लिहिलेल्या असतात. नसेल तर मिळून तयार करा: संपर्क कसा करायचा (फोन, मेसेज की व्हिडिओ), दिवसातली कोणती वेळ झेपते, किती वेळाने विश्रांती लागते, कोणता प्रकाश किंवा आवाज त्रास देतो, सोबत कोण येणार, स्वच्छतागृह कसं हवं. आजाराचं नाव विचारायची गरज नाही. गरज कळली की काम भागतं.

प्रश्न आठवडाभर आधी पाठवा. तासाभराच्या कामाला तीन तास धरा. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचं काम तासाभराहून जास्त चालणार असेल तर दोघे लागतात आणि ते साधारण २० ते ३० मिनिटांनी आळीपाळीने काम करतात. एकट्यावर तीन तास रेटले की भाषांतराचा दर्जा घसरतो, आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही, कारण तुम्हाला ती भाषा येत नसते. रॅम्प असेल तर उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे ३० सेंटिमीटर उंचीला ३६० सेंटिमीटर लांबी. ‘एकच पायरी आहे, उचलून घेऊ’ हे उत्तर नव्हे. दुभाषा, मदतनीस, प्रवास यांचा खर्च कलाकाराच्या मानधनातून कापायचा नसतो, तो अंदाजपत्रकात वेगळा दाखवायचा.

सांकेतिक भाषेत बोलणाऱ्या कलाकाराचा व्हिडिओ कसा घ्यावा?

सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून सविस्तर.

चौकट: डोक्यावर थोडी जागा, खाली कमरेपर्यंत, आणि दोन्ही बाजूंना कोपर पसरतील एवढी मोकळीक. आधी कलाकाराला हात पूर्ण पसरून बोलायला सांगा आणि मगच कॅमेरा पक्का करा. भुवया, ओठ, गाल, मानेचा कल हा या भाषेच्या व्याकरणाचा भाग आहे. प्रश्न आहे की विधान, हे कित्येकदा भुवयांवरूनच कळतं. त्यामुळे चेहरा अंधारात ठेवून ‘वातावरण’ करायचा मोह आवरा. खिडकी पाठीमागे नको. मुख्य दिवा समोरून थोडा बाजूला, दुसरा सौम्य दिवा उलट बाजूने, म्हणजे हातांची सावली चेहऱ्यावर पडत नाही.

कपडे आणि पार्श्वभूमी: दोन्ही साधे, एकरंगी आणि त्वचेच्या रंगाहून वेगळे. नक्षीदार शर्टावर बोटं हरवतात.

गती: सेकंदाला २५ चौकटींत (फ्रेममध्ये) बोटांनी केलेलं स्पेलिंग पुसट होतं. ५० किंवा ६० ठेवा. शटर १/१०० सेकंद किंवा त्याहून जलद हवं, पण एलईडी दिव्यांखाली शटर वाटेल तसं ठेवलं तर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर ५० चौकटी आणि १/१००, ६० हर्ट्झची असेल तर ६० चौकटी आणि १/१२०, ही जोडी सहसा निभावून नेते.

फोनमधलं ‘ऑटो फ्रेमिंग’ बंद करा. ते चेहऱ्याच्या मागे धावतं आणि हात चौकटीबाहेर टाकतं. पार्श्वभूमी धूसर करणारं फिल्टरही नको. वेगाने हलणाऱ्या बोटांना ते पार्श्वभूमीच समजतं.

आणि संकलन. ऐकू येणाऱ्या संकलकाला सवय असते की बोलणं चालू ठेवायचं आणि वरून खिडकी, पाऊस, रंगाच्या बाटल्या अशी दृश्यं टाकायची. इथे हात दिसेनासे झाले की वाक्य तुटलं. बधिर प्रेक्षकाच्या दृष्टीने तुम्ही आवाजच बंद केलात. अशी दृश्यं दोन वाक्यांच्या मधे ठेवा, किंवा पडदा विभागून बोलणारी व्यक्ती कायम दिसू द्या. कुठे कापायचं हे ती भाषा जाणणाऱ्याला विचारा. कापण्याआधी हात विसावले आहेत का ते पाहा, नाहीतर खूण अर्ध्यातच तुटते. शेवटी फाइल बाहेर काढताना १०८० रेषांच्या, ५०-६० चौकटींच्या व्हिडिओला सेकंदाला १२ मेगाबिटच्या आसपास दर ठेवा. तो फार उतरवला की हलणाऱ्या हातांचेच आधी चौकोन होतात.

सांकेतिक भाषा जगभर एकच असते ना?

नाही. ब्रिटिश आणि अमेरिकी सांकेतिक भाषासुद्धा एकमेकींना कळत नाहीत. ब्रिटिश मुळाक्षरं दोन हातांनी करतात, अमेरिकी एका हाताने, आणि अमेरिकी भाषेचं नातं फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे. व्हिडिओच्या माहितीत कोणती सांकेतिक भाषा आहे ते नावाने लिहा. मूळ व्हिडिओ तोंडाने बोलल्या जाणाऱ्या भाषेत असून कोपऱ्यात दुभाषा दाखवायचा असेल तर त्याची चौकट पडद्याच्या एक षष्ठांशापेक्षा लहान नको. ब्रिटनच्या प्रसारण नियामकाच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

उपशीर्षकं आपोआप तयार होतात, मग वेळ का घालवायचा?

कारण यंत्र नावं, कलेतले शब्द आणि सरावाबाहेरचा उच्चार हमखास चुकवतं. यंत्राचा मसुदा घ्या, पण प्रत्येक ओळ तपासा. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ३५ ते ४० अक्षरं, पडद्यावर किमान एक सेकंद आणि कमाल सात. वाक्य अर्थाच्या जागी मोडा. ‘मी रंग’ एका ओळीत आणि ‘वत नाही’ दुसरीत असं झालं तर वाचणारा अडखळतो.

फक्त शब्द पुरेसे नाहीत. [ब्रश पाण्यात खळखळतो], [दुरून रेल्वेची शिटी] हेही लिहायचं. [संगीत] एवढंच लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. क्रिस्टीन सन किम या बधिर कलाकाराने २०२० साली ‘क्लोजर कॅप्शन्स’ या कामात कंसातल्या या ओळींनाच कवितेच्या जवळ नेलं. म्हणजे उपशीर्षक लिहिणं हे कारकुनी काम असतंच असं नाही.

देवनागरीची स्वतःची दुखणी आहेत. फाइल साठवताना ‘यूटीएफ-८’ ही अक्षरसंकेत-पद्धत निवडा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. काही संकलन सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न राहता उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटून हलंत दिसू लागतात. तिथे मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय निवडावा लागतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, कारण वरचे रफार-मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. एसआरटी आणि व्हीटीटी हे उपशीर्षकांच्या फाइलींचे दोन प्रकार. एसआरटी फाइलमध्ये सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो आणि व्हीटीटीमध्ये टिंब. एकीचं नुसतं नाव बदलून दुसरी होत नाही. शक्य तिथे उपशीर्षकं चित्रात भाजून न टाकता वेगळी फाइल द्या, म्हणजे वाचणाऱ्याला आकार वाढवता येतो.

सांकेतिक भाषेतून मराठीत उपशीर्षकं कोणी लिहायची?

ते भाषांतर आहे, लिप्यंतर नव्हे. दुभाष्याने पहिला मसुदा करावा, मराठी लिहिणाऱ्याने तो नीट करावा, मग कोणीतरी तो मजकूर परत सांकेतिक भाषेत सांगून कलाकाराला दाखवावा आणि कलाकाराने हो म्हणावं. तिसरी पायरी वगळली की गडबड होते. हाताची एक ठसकेबाज, विनोदी खूण मराठीत सपाट विधान होऊन बसते आणि कलाकार उगाच गंभीर वाटू लागतो.

कलाकाराचं बोलणं अस्पष्ट असेल तर दुसऱ्याचा आवाज टाकावा का?

कलाकाराने मागितल्याशिवाय नाही. त्याच्याच आवाजावर अचूक उपशीर्षकं द्या. रेकॉर्डिंग करताना फोनचं आणि व्हिडिओ कॉलचं आवाज ‘स्वच्छ’ करणारं फिल्टर बंद ठेवा. अनियमित लयीचं बोलणं आणि लांब श्वास त्याला गोंगाट वाटतो आणि शब्दांचे तुकडे गायब होतात. छोटा माइक छातीवर, तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर लावला तर फिल्टरची गरजही उरत नाही. बोलण्यातले विराम कापू नका. संवादयंत्रातून (टाइप केलेलं मोठ्याने बोलणाऱ्या यंत्रातून) बोलणाऱ्या कलाकाराचं टाइप करणं संपेपर्यंत थांबा. तो थांबा व्हिडिओत किती ठेवायचा ते त्यालाच ठरवू द्या.

दृष्टिहीन कलाकार स्वतःचा फोटो कसा काढतो?

अनेक पद्धतींनी. एव्हगेन बावचार या स्लोव्हेनियात जन्मलेल्या छायाचित्रकाराची दोन्ही डोळ्यांची दृष्टी बालपणीच्या अपघातांत गेली, तरी त्यांचं नाव छायाचित्रकार म्हणूनच घेतलं जातं. आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर (पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय) चालू असेल तर कॅमेरा चौकटीत किती चेहरे आहेत आणि ते कुठे आहेत हे बोलून सांगतो. पिक्सेल फोनमध्ये ‘गाइडेड फ्रेम’ हेच काम करतं. ट्रायपॉड, दहा सेकंदांचा टायमर किंवा ब्लूटूथ बटण, आणि जमिनीवर बसायच्या जागी हाताला-पायाला लागेल अशी दोरी चिकटवली की जागा चुकत नाही. निवड करताना अडचण येते. दोनशे फोटोंतून पाच निवडायचे असतात तेव्हा वर्णन करणारा सहकारी लागतो, आणि त्याची आवड-निवड नकळत आत शिरते. म्हणून दोन वेगवेगळ्या माणसांकडून वर्णन ऐका.

हात थरथरत असतील किंवा वापरताच येत नसतील तर टॅबलेटवर चित्र जमतं का?

जमतं. थरथर असेल तर क्रितासारख्या मोफत प्रोग्राममध्ये ब्रशचं ‘स्टॅबिलायझर’ चालू करा. ते रेषेचा वेग मंदावतं आणि झटके गाळतं. फार वाढवलं तर रेष हाताच्या मागे रेंगाळते आणि कोपरे गोल होतात, म्हणून थोडं थोडं वाढवत जा. कधीकधी थरथर हीच रेषेची सही असते. तेव्हा ते बंदच बरं.

नजरेने चालणाऱ्या यंत्रात ‘एका जागी रोखून पाहिलं की क्लिक’ ही वेळ आधी एका सेकंदाच्या आसपास ठेवा आणि मग कमी करा. फार कमी केली तर नजर जाईल तिथे डाग पडतात. खिडकीतला प्रखर प्रकाश आणि चश्म्याच्या काचेवरची चमक यांनी जुळणी बिघडते. वीसेक मिनिटांत डोळे थकतात. पडद्यावरची साधनं मोजकीच ठेवा: सहा-आठ रंग, तीन ब्रश, आणि ‘अन्डू’ला सगळ्यांत मोठं बटण. चौकटी आखून एकेक घर भरण्याची पद्धत इथे उपयोगी पडते. अमेरिकी चित्रकार चक क्लोज यांना १९८८ मध्ये पक्षाघातासारखं अपंगत्व आलं, त्यानंतर हाताला ब्रश बांधून त्यांनी चौकटींतूनच भव्य चेहरे रंगवले. चौकटींची ही पद्धत ते त्याआधीही वापरत होते. त्यांना चेहरे लक्षात राहत नसत, ही त्यातली आणखी एक गंमत.

व्हीलचेअर वापरणाऱ्या कलाकाराचा फोटो काढताना काय चुकतं?

कॅमेऱ्याची उंची. उभ्याने काढला की माणूस लहान दिसतो. लेन्स बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर आणा. फोनच्या रुंद लेन्सने जवळून काढला तर गुडघे आणि पुढची चाकं अवाढव्य होतात. दोन-अडीच मीटर मागे जाऊन ५० ते ८५ मिलिमीटरच्या तोडीची लेन्स वापरा. पोर्ट्रेट मोड चाकाचे आरे, श्रवणयंत्राची नळी, पांढरी काठी खुशाल पुसून टाकतो, तेव्हा तो बंद. व्हीलचेअर चौकटीत ठेवायची की नाही हे कलाकाराला विचारा, आणि ती न विचारता हलवू नका किंवा तिला टेकू नका. ‘सौंदर्य’ फिल्टर व्रण आणि चेहऱ्याचा तिरपेपणा गुपचूप सरळ करतात, म्हणून फोन हातात घेतल्यावर सेटिंग आधी तपासा.

ऑल्ट टेक्स्ट किती लांब असावा? अपंगत्वाचा उल्लेख करायचा का?

ऑल्ट टेक्स्ट म्हणजे चित्र न दिसणाऱ्यांसाठी चित्रासोबत जोडलेलं लेखी वर्णन. एक-दोन वाक्यं ऑल्ट टेक्स्टमध्ये, आणि १५० ते ३०० शब्दांचं सविस्तर वर्णन सगळ्यांना दिसेल असं चित्राखाली. ‘फोटो’ या शब्दाने सुरुवात नको, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) ते आधीच सांगतो. ‘चेहऱ्यावर जिद्द झळकते’ हे वर्णन नाही, मत आहे. असं लिहा: “पिवळ्या कुर्त्यातली स्त्री पॉवर व्हीलचेअरमध्ये बसून दातांत धरलेल्या ब्रशने कॅनव्हासवर निळी रेष ओढते आहे, नजर रेषेवर.” चित्रात दिसणारं साधन लिहा, न दिसणारं निदान लिहू नका. वर्ण, वय, लिंग एकाचं लिहिलं तर सगळ्यांचं लिहा, आणि शब्द कलाकाराकडून घ्या.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी डोळ्यांना ठीक दिसते, पण स्क्रीन रीडर ती इंग्रजी अक्षरांची भेळ म्हणून वाचतो. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवा.

सांकेतिक भाषेतला व्हिडिओ दृष्टिहीन प्रेक्षकांपर्यंत कसा पोचवायचा?

मराठी आवाज जोडा, पण मग वर्णनाला मोकळी जागा उरत नाही. सोपा मार्ग: कलाकाराने सुरुवातीच्या वीस-तीस सेकंदांत स्वतःचं रूप, कपडे, जागा स्वतःच सांगायची. ते चित्रीकरणाआधीच ठरवावं लागतं, नंतर चिकटवता येत नाही. बधिर-दृष्टिहीन वाचकांसाठी पूर्ण लेखी प्रत द्या, म्हणजे ती ब्रेल डिस्प्लेवर (मजकूर बोटांना लागणाऱ्या ब्रेल टिंबांत दाखवणाऱ्या यंत्रावर) वाचता येते.

प्रदर्शनात आणि वेबसाइटवर काय पाळावं?

भिंतीवर चित्राचा मध्य १२० ते १३० सेंटिमीटरवर ठेवला तर उभ्याने आणि बसून दोन्ही नीट दिसतं. क्यूआर कोडला बोटाला लागेल अशी उठावदार कड द्या. उपशीर्षकं कायम चालू, बसायला बाक. वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठी डब्ल्यूसीएजी हे निकष आहेत, २०२३ मध्ये त्यांची २.२ आवृत्ती आली. त्यातलं निदान एवढं सांभाळा: साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी रंगविरोध (कॉन्ट्रास्ट) निदान ४.५:१, सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नाही, आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त हलणारं काही असेल तर थांबवायचं बटण.

संमतिपत्र कसं असावं?

कलाकाराच्या भाषेत. बधिर कलाकारासाठी ते सांकेतिक भाषेतल्या व्हिडिओच्या रूपात, बौद्धिक अपंगत्व असलेल्या कलाकारासाठी छोट्या वाक्यांत आणि चित्रांसह. पालकांची किंवा काळजीवाहकाची सही पुरेशी समजू नका. संमती तीनदा घ्या: चित्रीकरणाआधी, संकलन पाहून, आणि प्रसिद्धीच्या आधी. कुठे, किती काळ, कोण वापरणार, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी चालेल का, हे वेगवेगळे प्रश्न आहेत, प्रत्येकापुढे खूण करायला वेगळा चौकोन हवा. फाइल बाहेर देताना फोटोतली ठिकाणाची नोंद पुसा, कारण अनेकांचा स्टुडिओ म्हणजे घरच असतं.

प्रसिद्ध झाल्यावर कलाकाराने चित्र मागे घ्यायचं ठरवलं तर?

कारण विचारू नका. संमतिपत्रात मुदत आधीच लिहिलेली असावी, उदाहरणार्थ सात दिवसांत आपल्या वेबसाइटवरून आणि समाजमाध्यमांवरून काढणं. चित्र, व्हिडिओ, उपशीर्षकांची फाइल, वर्णन आणि लहान आकाराची प्रत या पाचही गोष्टी काढाव्या लागतात, आणि लहान प्रत हमखास विसरली जाते. शोधयंत्रांना जुनी नोंद काढायची विनंती पाठवा. छापील पुस्तिका परत बोलावता येत नाहीत आणि इतरांनी उतरवून घेतलेल्या प्रतींवर ताबा नसतो, हे सही घेतानाच सांगा. मूळ फाइल कलाकाराकडे सोपवा आणि तुमच्याकडच्या प्रतींपैकी कोणती, कोणत्या तारखेला पुसली ते लेखी कळवा.